उतरत्या विमानांमधलं अंतर मोडतं म्हणजे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

८ जून २०२४ ला मुंबई विमानतळावर एक विमान धावपट्टी सोडायच्या आतच मागे दुसरं उतरलं, त्याचा व्हिडिओ फिरला आणि प्रश्नांची रांग लागली. ती ओसरते ना ओसरते तोच जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला विमान आणि हेलिकॉप्टरच्या टकरीचा अपघात झाला आणि तेच प्रश्न पुन्हा आले. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. अंतरं सागरी मैलांत आहेत (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) आणि उंची फुटांत, कारण आपल्याकडे कंट्रोलर आणि पायलट याच मापांत बोलतात.

‘लॉस ऑफ सेपरेशन’ म्हणजे दोन विमानं आपटता आपटता वाचली, असंच ना?

बहुतेक वेळा नाही. प्रत्येक जोडीला किमान अंतर ठरवून दिलेलं असतं, उभं किंवा आडवं. दोन्हींपैकी एक पाळलं गेलं तरी पुरतं. हजार फुटांचा फरक असेल तर एक विमान दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावरून गेलं तरी नियमात बसतं. दोन्ही अंतरं एकाच वेळी कमी पडली की सेपरेशन मोडलं, अशी नोंद होते.

तीन मैल हवे असताना २.८ झाले, तरी तो नियमभंगच. त्या विमानातल्या कुणाच्या कपातला चहासुद्धा हिंदकळत नाही. आणि एकाने हजार फूट सोडून दिले आणि समोरच्यावर जाऊन आदळला, तर त्याचीही सुरुवात याच शब्दाने होते. बातमीतला मथळा वाचून या दोन टोकांपैकी नेमकं काय झालं ते कळत नाही. मी अशी बातमी वाचतो तेव्हा तीन गोष्टी शोधतो: अंतर किती उरलं, ते कमी होत होतं की वाढत होतं, आणि सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं. तिसऱ्याचं उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असं असेल, तर अंतर दोन मैल उरलेलं असलं तरी ती घटना गंभीर मानायला हवी.

किमान अंतर म्हणजे किती?

उभं अंतर साधारण हजार फूट. आडवं अंतर रडारवर, लांबच्या प्रवासात सहसा पाच मैल आणि विमानतळाच्या आसपास तीन. धावपट्टीच्या सरळ रेषेत आल्यावर, म्हणजे ‘फायनल’वर, काही अटी पाळल्या तर अडीच मैलांवरही आणता येतं.

त्यावर मागे उठणाऱ्या भोवऱ्यांचा हिशेब वेगळा. मोठं विमान पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सोडत जातं आणि ते मागच्याला उलटंपालटं करू शकतात. म्हणून बोइंग ७७७ सारख्या ‘हेवी’च्या मागे आपलं नेहमीचं ए-३२० असेल तर पाच मैल, आणि ए-३८० च्या मागे असेल तर सात.

हे अंतर मोडतं कसं? कंट्रोलर झोपा काढतात का?

हा प्रश्न फार येतो, म्हणून जरा सविस्तर.

रडारच्या पडद्यावर प्रत्येक विमानाशेजारी एक छोटी पाटी असते. वर कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), खाली शेकड्यांत उंची (०३२ म्हणजे ३,२०० फूट) आणि वेग. समजा दोन विमानं फायनलवर एकामागून एक आहेत, मध्ये पाच मैल. पुढचं उतरण्याच्या तयारीत १४० नॉटवर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आलेलं, मागचं अजून १८० वर. पडद्यावर अंतर झकास दिसतंय. पण मागचं दर तासाला ४० मैल जवळ सरकतंय, म्हणजे तीन मिनिटांत दोन मैल. तेवढ्या वेळात पाचाचे तीन झाले आणि कुणीही काहीही चुकीचं केलेलं नाही. यालाच ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. म्हणून अ‍ॅप्रोच कंट्रोलरच्या, म्हणजे विमानांना उतरायच्या रांगेत लावणाऱ्याच्या, तोंडी सतत वेग असतो: ‘आठ मैलांपर्यंत १८०’, ‘चार मैलांपर्यंत १६०’. त्यातलं एक वाक्य दुसऱ्या कुणाच्या बोलण्याखाली दबलं, किंवा पायलटने दहा सेकंद उशिरा वेग उतरवला, की अंतर गेलं.

लोकल सिग्नलला उभी करता येते. विमान उभं करता येत नाही, इथेच सगळी मेख आहे. पुढे गर्दी असेल तर मागच्याला वळवता येतं, वर चढवता येतं, घिरट्या घालायला पाठवता येतं. पण ‘थांब जरा’ म्हणता येत नाही.

बाकीची कारणं नेहमीचीच: उंचीचा आकडा चुकीचा ऐकला किंवा चुकीचा लावला, एकाला दिलेली सूचना मिळत्याजुळत्या कॉलसाइनच्या दुसऱ्याने उचलली, शिफ्ट बदलताना एक गोष्ट सांगायची राहिली. ७ जानेवारी २०२२ ला बंगळुरूतही अशीच एक गोष्ट सांगायची राहिली. एकाच धावपट्टीवरून उड्डाणं करायचं ठरलं, पण दुसऱ्या धावपट्टीच्या कंट्रोलरपर्यंत ते पोचलं नाही. समांतर धावपट्ट्यांवरून इंडिगोची दोन विमानं जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि एकमेकांकडे झुकत गेली. रडार कंट्रोलरने पाहिलं आणि दोघांना दोन दिशांना वळवलं.

मुंबईत ८ जून २०२४ ला नेमकं काय झालं?

२७ नंबरच्या धावपट्टीवर एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान उड्डाणासाठी धावत होतं. त्याची चाकं जमिनीवर असतानाच इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच धावपट्टीवर मागे उतरलं. पुढचं उडालं, मागचं थांबलं, कुणाला काही झालं नाही. डीजीसीएने (देशातल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने) चौकशी सुरू केली आणि संबंधित कंट्रोलरला कामावरून बाजूला केलं. आपण दिलेल्या सूचनांप्रमाणेच वागलो, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं.

सर्वसाधारण नियम असा: पुढचं विमान धावपट्टीचं दुसरं टोक ओलांडून जाईपर्यंत किंवा वळण घेईपर्यंत मागच्याने उंबरठा (धावपट्टीची सुरुवातीची कड) ओलांडू नये. दिवसाउजेडी, दृश्यमानता चांगली असताना काही विमानतळांना यात सवलत मिळते, पण त्यातही पुढचं विमान हवेत असावं लागतं आणि उंबरठ्यापासून ठरावीक अंतर पुढे गेलेलं असावं लागतं. मुंबईत ते हवेतच नव्हतं.

आता सेकंदांचा हिशेब करू. उतरणारं विमान चार मैलांवर असताना १४० नॉटच्या वेगाने त्याला उंबरठ्यावर यायला पावणेदोन मिनिटं लागतात. तेवढ्यात उडणाऱ्याने धावपट्टीवर यायचं, वळून सरळ व्हायचं, इंजिन चढवायचं आणि धावत सुटायचं. नुसत्या धावेलाच चाळीस सेकंदांच्या आसपास जातात. पायलटने धावपट्टीवर उभं राहून एखादी यादी पुन्हा तपासली, तर पंधरा-वीस सेकंद गेले. टॉवरमधल्या माणसाचा अंदाज तेवढ्यावरच फसतो.

व्हिडिओत तर टक्कर होणार असंच वाटत होतं!

झूम लेन्सने लांबून काढलेल्या चित्रात मधलं अंतर चपटं होतं, हे खरं. शिवाय पुढचं विमान वेग वाढवत पळत होतं आणि मागचं ब्रेक मारत होतं, म्हणजे दोघांमधलं अंतर वाढायच्या बेतात होतं. पण ‘काही झालं नाही ना, मग सोडा’ हेही मला पटत नाही. पुढच्या विमानाने काही कारणाने उड्डाण रद्द करून करकचून ब्रेक लावले असते तर? उड्डाण रद्द करणं ही पायलटसाठी सराव केलेली, वैध गोष्ट आहे. ते अंतर त्यासाठीच राखलेलं असतं, आणि त्या दिवशी ते तिथे नव्हतं.

मग अंतर सरळ दुप्पट का करत नाहीत?

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे एका वेळी कामाची एकच. त्या एकीवर गर्दीच्या तासाला ४६ उड्डाणं-उतरणं चालायची, म्हणजे सरासरी दर ७८ सेकंदांना एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने हा आकडा ४६ वरून ४४ वर आणायला लावला, कारण विमानं आकाशात घिरट्या घालून इंधन जाळत होती. हिशेब केला तर ७८ चे ८२ सेकंद झाले. चार सेकंद! यावरून कळतं की मुंबईत जागा किती कमी आहे.

अंतर दुप्पट करायचं तर निम्मी विमानं दुसरीकडे पाठवावी लागतील. सुरक्षिततेसाठी तेही करावं, असं म्हणणारा माणूस सकाळचं सातचं विमान रद्द झाल्यावर काय म्हणतो, ते काउंटरवर उभं राहून ऐकावं.

विमानात टक्कर टाळणारं यंत्र असतं ना? ते का वाजत नाही?

टीकॅस. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

टीकॅस आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला (आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राला) विचारत राहतं: कुठे आहेस, किती उंचीवर आहेस? मार्ग जुळताना दिसले की आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा देतं. मग प्रकरण गंभीर झालं तर थेट हुकूम: ‘क्लाइम्ब, क्लाइम्ब’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड’. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसांत ठरवतात, एक वर आणि एक खाली. हुकूम आला की पायलटने काही सेकंदांत तो पाळायचा. वरच्या आकाशात ही व्यवस्था फार उत्तम चालते.

पण जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली टीकॅस हुकूम देणं बंद करतं. ते मुद्दामच तसं बनवलेलं आहे, कारण उतरत्या विमानाला ‘खाली जा’ म्हणणं म्हणजे जमिनीत घालणं. शिवाय धावपट्टीवरचं विमान त्याच्या लेखी जमिनीवर आहे, धोका नाही. म्हणजे शेवटच्या तीन मैलांत, जिथे गर्दी सगळ्यात दाट आणि वेळ सगळ्यात कमी, तिथे हे यंत्र गप्प असतं. उरतात टॉवरच्या काचेमागचे डोळे, जमिनीवरचं रडार असलं तर ते, आणि कॉकपिटमधल्या दोन माणसांचा संशयी स्वभाव.

२९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरणारं प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर जमिनीपासून साधारण तीनशे फुटांवर आदळले, ६७ माणसं गेली. विमानात ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ सुमारे वीस सेकंद आधी वाजलं होतं. त्यापुढचा हुकूम त्या उंचीवर येऊच शकत नव्हता.

उलट उदाहरण ऑस्टिनचं, ४ फेब्रुवारी २०२३. दाट धुकं. फेडएक्सचं मालवाहू बोइंग ७६७ उतरत होतं आणि कंट्रोलरने साउथवेस्टच्या ७३७ ला त्याच धावपट्टीवरून उड्डाणाची परवानगी दिली. ते आधी निघून जाईल, हा त्याचा अंदाज. टॉवरमधून धुक्यात काही दिसत नव्हतं आणि जमिनीवरचं रडार त्या विमानतळावर नव्हतं. फेडएक्सच्या सहपायलटला खाली एक काळी आकृती दिसली. त्यांनी लगेच वर चढायला घेतलं आणि रेडिओवर साउथवेस्टलाच ‘अ‍ॅबॉर्ट’ सांगितलं. दोन विमानांमध्ये दोनशे फुटांपेक्षाही कमी अंतर उरलं होतं. उतरणाऱ्या पायलटने उडणाऱ्याला सूचना देणं कुठल्याही पुस्तकात बसत नाही, आणि त्या रात्रपाळीच्या शेवटी ती सुचणं ही मोठी गोष्ट आहे.

कंट्रोलर म्हणतो खाली जा, टीकॅस म्हणतं वर जा. कुणाचं ऐकायचं?

टीकॅसचं. आज यात वाद नाही.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर रशियन टुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग एकाच उंचीवर आले. झ्युरिकला एकच कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता. त्याने टुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. टीकॅसने वर जायला. त्यांनी माणसाचं ऐकलं. बोइंगने टीकॅसचं ऐकलं आणि तेही खालीच आलं. ७१ मृत्यू, त्यांत बरीच शाळकरी मुलं.

भारतात असं कधी झालंय?

१२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरींमध्ये आजवर जगात याहून मोठी झालेली नाही.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सौदियाचं बोइंग ७४७ दिल्लीहून उडालं. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं आयएल-७६ दिल्लीकडे उतरत होतं. तेव्हा दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना हवेतला एकच रस्ता होता. कंट्रोलरने सौदियाला १४,००० फुटांवर थांबवलं, कझाक विमानाला १५,००० वर. मध्ये हजार फूट, नियमात बसणारे. समोरून ७४७ येतंय, इतक्या मैलांवर आहे, दिसलं की सांगा, असंही त्याने कझाक विमानाला सांगितलं.

आणि तरीही आयएल-७६ पंधरा हजारांच्या खाली सरकत गेलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि उंची पाहायला त्याच्यासमोर स्वतःचा मीटर नव्हता. पायलटच्या खांद्यावरून वाचावी लागे. बाहेर ढग होते.

दिल्लीच्या रडारवर हे का दिसलं नाही? कारण तेव्हाचं रडार प्राथमिक होतं. ते पडद्यावर ठिपका दाखवायचं, उंची नाही. उंची दाखवणारं दुय्यम रडार अजून चालू झालेलं नव्हतं. कंट्रोलरसाठी ते हजार फूट म्हणजे रेडिओवर ऐकलेला शब्द, बस्स. दोन ठिपके एकमेकांवर आले आणि दोन्ही गेले.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने दिलेली उंची न पाळण्याचा दोष कझाक विमानावर ठेवला. त्यानंतर दिल्लीत येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, दुय्यम रडार आलं, आणि भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचं झालं.

पुण्याला किंवा गोव्याला उतरताना धोका जास्त असतो का?

नियम तेच. फरक इतकाच की पुण्यात लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे आणि गोव्यात दाबोळीचं नौदलाकडे आहे. गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाला, मोपाला, लष्करी भानगड नाही.

पुण्याच्या संदर्भात ७ फेब्रुवारी २०१८ ची घटना आठवते. दिल्लीहून पुण्याला येणारं विस्ताराचं विमान आणि मुंबईहून भोपाळला चाललेलं एअर इंडियाचं विमान मुंबईच्या हवाई क्षेत्रात समोरासमोर आले. बातम्यांप्रमाणे उभं अंतर शंभर फुटांवर आलं होतं. टीकॅसने हुकूम दिले आणि दोघं वेगळे झाले. ते सत्तावीस हजार फुटांवर घडलं म्हणून टीकॅस कामाला आलं.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना खिडकीतून शेजारी दुसरं विमान दिसलं. तक्रार करू का?

मुलाकडे, मुलीकडे बे एरियात जाणारे आई-बाबा हा फोटो हमखास पाठवायचे. तिथल्या दोन मुख्य समांतर धावपट्ट्यांमध्ये मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत फक्त ७५० फूट, म्हणजे २२९ मीटर अंतर आहे. हवा स्वच्छ असली की २०२६ च्या सुरुवातीपर्यंत तिथे दोन विमानं शेजारी-शेजारी उतरवायचे. शेजारचं विमान दिसतंय, असं पायलटने सांगितलं की अंतर राखायची जबाबदारी त्याच्याकडे जायची. तेव्हा त्या फोटोवरून तक्रार नको.

या पद्धतीबद्दल माझं मत मात्र फार चांगलं नव्हतं. ‘दिसतंय’ म्हणणाऱ्याला नेमकं कुठलं विमान दिसतंय, हे दुसऱ्या कुणाला कळायचा मार्ग नसतो. वॉशिंग्टनच्या हेलिकॉप्टरनेही विमान दिसतंय असंच सांगितलं होतं.

उतरता उतरता विमान अचानक वर गेलं. काहीतरी भयंकर घडलं होतं का?

बहुधा नाही. ते गो-अराउंड. पुढच्याने धावपट्टी वेळेत सोडली नाही, अंतर कमी वाटलं, वारा फिरला, की वर जायचं आणि पुन्हा रांगेत यायचं. पोटात गोळा येतो, पंधरा-वीस मिनिटं जातात. मागच्या सीटवरून ‘पायलट नवीन दिसतोय’ असा शेरा येतोच. सेपरेशन मोडण्याआधी घेतलेला गो-अराउंड बातमीत येत नाही.

अशा घटनेनंतर कंट्रोलरची नोकरी जाते का?

‘डी-रोस्टर’ म्हणजे बडतर्फ नव्हे. चौकशी होईपर्यंत त्याला पडद्यासमोर बसवत नाहीत. रेडिओचं ध्वनिमुद्रण आणि रडारचा माग पुन्हा चालवून पाहतात, घटनेला धोक्याप्रमाणे ए ते डी अशी श्रेणी देतात: ए म्हणजे टकरीचा धोका होता, सी म्हणजे नव्हता. मग गरजेप्रमाणे पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा.

व्हिडिओ व्हायरल झाला की चोवीस तासांत कुणाला तरी बाजूला केल्याची बातमी लागते, हे मला खटकतं. चूक सांगितली तर शिक्षा होणार असं वाटलं, की माणसं २.८ मैलांच्या चुका सांगत नाहीत. आणि त्याच कळायला हव्या असतात.

फ्लाइट ट्रॅकिंग अ‍ॅपवर दोन विमानं एकमेकांवर चढलेली दिसतात, ते काय?

उंचीचा आकडा पाहा. एक ११,००० वर, दुसरं १२,००० वर असेल. शिवाय नकाशावरचं विमानाचं चित्र खऱ्या विमानाच्या शेकडो पट मोठं असतं.

नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. आता मुंबईवरचा ताण गेला?

धावपट्टीवरचा थोडा हलका होईल. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू आहेत आणि जितकी तिकडे जातील तितका सांताक्रूझला श्वास. पण दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर अंतर आहे, म्हणजे तेरा-चौदा मैल. फायनलवरच्या रांगेची लांबीच कधी कधी तेवढी असते. एकाकडे उतरणारी आणि दुसऱ्याकडून उडणारी विमानं त्याच आकाशातून, त्याच तीन मैल आणि हजार फुटांच्या नियमाने न्यावी लागतात. पावसाळ्यात ढग टाळायला सगळेच पायलट एकाच बाजूला वळायची परवानगी मागतात, तेव्हा अ‍ॅप्रोच कंट्रोलरच्या पडद्यावर आता दोन रांगा असतील.